शजरुद्दुर: ऐंशी दिवसांची गादी आणि तिच्या आधीचे तीन महिने (इजिप्त, १२४९-५०)

२३ नोव्हेंबर १२४९ च्या आसपास इजिप्तचा सुलतान सालिह अय्यूब मन्सूरा इथल्या लष्करी छावणीत मरण पावला. पायाच्या दुखण्याने आणि छातीच्या विकाराने तो बरेच दिवस अंथरुणाला खिळला होता, त्यामुळे मृत्यू अनपेक्षित नव्हता. वेळ मात्र भलतीच वाईट होती. फ्रान्सचा राजा नववा लुई धर्मयुद्धाची (क्रूसेडची) फौज घेऊन त्याच वर्षीच्या जूनमध्ये दमिएत्ताला उतरला होता. तिथली शिबंदी न लढताच पळाल्यामुळे ते बंदर त्याला जवळपास फुकटात मिळाले होते. नाईलचा पूर ओसरेपर्यंत तो थांबला आणि २० नोव्हेंबरला दक्षिणेकडे निघाला. सुलतान गेला तेव्हा शत्रू वाटेवर होता आणि गादीचा वारस तूरानशाह हजारभर किलोमीटर लांब, तैग्रिसकाठच्या हिस्न कैफा किल्ल्यात होता.

सुलतानाजवळ होती त्याची बायको शजरुद्दुर. मूळची तुर्की वंशाची गुलाम (काही बखरकार आर्मेनियन म्हणतात). १२३९ मध्ये सालिह अय्यूबला करकच्या किल्ल्यात कैद झाली, तेव्हाही ती त्याच्यासोबत होती. तिला खलील नावाचा मुलगा झाला, पण तो तान्हेपणीच गेला. तरीही 'खलीलची आई' ही तिची ओळख आयुष्यभर राहिली, आणि पुढे दरबारी कागदांवर हीच ओळख तिच्या कामी आली.

मुस्लिम इतिहासातल्या सत्ताधारी स्त्रियांचा विषय निघाला की हे प्रकरण हमखास निघते आणि बहुतेक वेळा एकाच वाक्यात उरकले जाते: 'बाई म्हणून तिला मान्यता मिळाली नाही.' कागदपत्रे आणि घटनाक्रम शेजारी ठेवून पाहिले की हे उत्तर अर्धेच आहे, हे कळते.

मेलेल्या सुलतानाचा कारभार

पहिल्या रात्रीच तिने दोघांना विश्वासात घेतले. एक सेनापती फख्रुद्दीन यूसुफ, दुसरा जमालुद्दीन मुहसिन. मुहसिन खोजा होता आणि महालातले सेवक व सुलतानाचे मम्लूक (गुलाम सैनिक) यांच्यावर त्याची देखरेख असे. निवड अचूक होती. फौज सेनापतीकडे आणि सुलतानाच्या तंबूचा दरवाजा खोजाकडे. तिसरी गोष्ट, म्हणजे सुलतानाच्या मर्जीने चालणारे लेखन, तिच्याकडे. एवढ्या तीन ठिकाणी कुलूप लागले की बातमी बाहेर जायला वाट उरत नव्हती.

प्रेत पेटीत घालून होडीने गुपचूप नाईलमधल्या रौझा बेटावरच्या किल्ल्यात पोचवण्यात आले. तंबूत सुलतानासाठीचे जेवण रोजच्यासारखे आत जात राहिले. सरदारांना सांगितले जाई की सुलतान आजारी आहेत, कुणाला भेटत नाहीत. तो खरोखरच इतके दिवस आजारी होता की हे पटण्यासारखे होते. त्याआधी तो रोज घोड्यावर बसून छावणीत फिरत असता, तर ही युक्ती दोन दिवसही टिकली नसती.

खरी मेख होती ती सहीची. सुलतानाच्या फर्मानावर 'अलामा', म्हणजे त्याच्या हातची ठरावीक खूण लागे. मराठेशाहीत पत्रावरचे मोर्तब जे काम करी, तेच ती करी. तिच्याशिवाय कागद म्हणजे नुसता कागद. ही खूण कशी मिळवली याबद्दल दोन हकिकती आहेत. एक म्हणते, सुलतानाने मरण्यापूर्वी कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या होत्या. दुसरी म्हणते, त्याच्या अक्षराची हुबेहूब नक्कल करणारा एक सेवक हाताशी होता. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असायलाही हरकत नाही.

या बनावट खुणेचा सर्वांत महत्त्वाचा उपयोग झाला तो शपथेसाठी. 'सुलतानाचा हुकूम' म्हणून छावणीतल्या सरदारांकडून आणि कैरोतल्या अधिकाऱ्यांकडून शपथ घेतली गेली: निष्ठा सुलतानाशी, त्याच्यानंतर तूरानशाहाशी, आणि फौजेची सूत्रे फख्रुद्दीनकडे. म्हणजे वारसाचा प्रश्न मृत्यू जाहीर होण्याआधीच निकालात काढला गेला. शुक्रवारच्या खुतब्यात (नमाजाच्या वेळच्या प्रवचनात) सुलतानाच्या नावामागे तूरानशाहाचे नावही जोडले गेले. दरम्यान फारिसुद्दीन अक्ताय हा सरदार तूरानशाहाला आणायला हिस्न कैफाकडे रवाना झाला होता.

गुप्तता अर्थातच शंभर टक्के टिकली नाही. काहीतरी घडले आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षात आले होते, पण उघड बोलण्याची कुणाची छाती नव्हती. एवढे पुरेसे होते. बातमी कळू नये ही गरजच नव्हती. ती अधिकृत होऊ नये, म्हणजे कुणा सरदाराला तिच्या जोरावर हालचाल करता येऊ नये, एवढीच गरज होती.

८ फेब्रुवारी १२५० ला या व्यवस्थेची परीक्षा झाली. लुईचा भाऊ रॉबर्ट याने मन्सूराजवळचा कालवा उतारावरून पार करून छावणीवर अचानक छापा घातला. फख्रुद्दीन त्या वेळी हमामात होता. तो घाईने बाहेर पडला आणि मारला गेला. रॉबर्ट मात्र थांबला नाही. तो घोडदळासह मन्सूराच्या गल्ल्यांत शिरला आणि तिथे बहरी मम्लूकांनी (रौझा बेटावरच्या बराकीतले सालिह अय्यूबचे तुर्की गुलाम सैनिक) त्याची कोंडी केली. तो पडला आणि त्याच्याबरोबरचे टेम्पलर (लढवय्या ख्रिस्ती संघाचे) घोडेस्वार जवळपास सगळे कापले गेले. तिघांच्या गटातला सेनापती गेला, नवा सुलतान अजून पोचायचा होता, तरी फौज फुटली नाही. याचे श्रेय अर्थात लढणाऱ्यांचे. पण ज्या सुलतानाच्या नावाने ते लढत होते तो अडीच महिन्यांपूर्वी मेला होता, हेही विसरता येत नाही.

नवा मालक आणि जुने गुलाम

तूरानशाह फेब्रुवारीच्या अखेरीस पोचला आणि मग मृत्यू जाहीर झाला. लष्करीदृष्ट्या त्याने एक काम चोख केले: सुट्या केलेल्या होड्या उंटांवरून खालच्या अंगाला नेऊन नाईलमध्ये सोडल्या आणि दमिएत्ताहून लुईला येणारी रसद तोडली. उपासमार आणि रोगराईने टेकीला आलेला लुई एप्रिलच्या सुरुवातीला मागे फिरला आणि पकडला गेला. मन्सूरामधल्या इब्न लुकमानच्या घरात त्याला ठेवले होते.

बाकी सगळ्यात तूरानशाहाने माती खाल्ली. बापाच्या जुन्या माणसांना बाजूला सारून त्याने हिस्न कैफाहून आणलेली मंडळी मोक्याच्या जागी बसवली. अक्तायला कबूल केलेली जहागीर दिली नाही. शजरुद्दुरकडे बापाच्या खजिन्याचा आणि जडजवाहिराचा हिशेब मागत धमक्या दिल्या. तिने बहरींना ते कळवले. बखरकार लिहितात की दारूच्या नशेत तो मेणबत्त्यांचे शेंडे तलवारीने उडवत बहरी सरदारांची नावे घेई. ही गोष्ट खरी असो वा नंतर रचलेली असो, २ मे १२५० ला फारिस्कूरच्या छावणीत बहरींनी त्याला मारले, हे नक्की. तो लाकडी मनोऱ्यात लपला, मनोरा पेटवला गेला, तो नदीकडे धावला आणि तिथे संपला.

आता अडचण अशी की मारणारे गुलाम होते. त्यांच्यापैकी कुणालाही गादीवर बसायचा हक्क नव्हता, आणि एकाने बसायचे म्हटले तर बाकीच्यांनी मानले नसते. त्यांना असे कुणी हवे होते की ज्याच्याशी त्यांची निष्ठा आधीपासून जुळलेली आहे. मेलेल्या मालकाची बायको, मालकाच्या मुलाची आई, आणि तीही त्यांच्यासारखीच गुलामीतून वर आलेली. शजरुद्दुरची निवड ही उदारमतवादाची नव्हे, अडचणीतून काढलेली वाट होती. सैन्याची सूत्रे ऐबक नावाच्या सरदाराला दिली गेली. (दिल्लीच्या कुतबुद्दीन ऐबकशी याचा संबंध नाही.)

स्वतःच्या नावाने

त्या काळी राज्य कुणाचे हे दोन ठिकाणी दिसे: शुक्रवारच्या खुतब्यात आणि नाण्यावर. दोन्ही ठिकाणी राज्य तिचेच असल्याचे आले. नाण्यावरचा मजकूर असा: 'मुस्तअसिमिया, सालिहिया, मुस्लिमांची राणी, मलिक मन्सूर खलीलची आई.' तिचे सोन्याचे दिनार आज अगदी मोजके उरले आहेत.

या बिरुदांत प्रत्येक शब्द तोलूनमापून घातलेला आहे. बगदादचा खलिफा मुस्तअसिम, म्हणून 'मुस्तअसिमिया': मी खलिफाची. सुलतान सालिह, म्हणून 'सालिहिया': मी त्या सुलतानाची. आणि खलील मेलेला, तरी त्याला 'मलिक मन्सूर' ही राजाची पदवी लावलेली, म्हणून मी राजमाता. कागदांवर ती सहीही 'खलीलची आई' अशीच करी. तिचे स्वतःचे नाव नाण्यावर नाही. तिन्ही बाजूंनी तिने स्वतःला कुणा ना कुणा पुरुषाला बांधून घेतले आहे: एक बगदादेत, एक कबरीत, आणि एक असा की जो कधी गादीवर बसलाच नाही. वाचताना यात कमीपणा दिसतो खरा, पण राजकारण म्हणून ही मांडणी कसबी होती. शिवाय राणी ही पदवी मध्यभागी, खणखणीत आहे.

कारभार ताबडतोब सुरू झाला. लुईच्या सुटकेचा करार तूरानशाहाशी झाला होता, तो सुलतानच मारला गेल्यामुळे लटकला होता. तो पुन्हा मार्गी लावला गेला. एकूण खंडणी ८,००,००० बेझंट (सोन्याची नाणी), त्यातली निम्मी देश सोडण्याआधी, आणि दमिएत्ता परत. ६ मे ला, म्हणजे सत्तांतराला आठवडाही झाला नव्हता तेव्हा, शहर ताब्यात आले. पैसे वजनाने मोजून द्यायलाच दोन दिवस लागले. तिकडे दमिएत्तामध्ये लुईची राणी मार्गारेट नुकतीच बाळंत झाली होती, आणि पळून जायच्या तयारीतल्या इटालियन व्यापाऱ्यांना स्वतःच्या खर्चाने अन्न पुरवायचे कबूल करून तिने शहर धरून ठेवले होते. ते शहर सुटले असते तर लुईच्या हाती देण्यासारखे काही उरले नसते. म्हणजे या सौद्याच्या दोन्ही टोकांना बायका होत्या. युद्धाच्या वर्णनांत ही बाब सहसा निसटते.

फौज कैरोला परतली, सरदारांना खिलअती (मानाचे पोशाख) वाटल्या गेल्या. इजिप्तपुरते पाहिले तर सारे सुरळीत होते.

दमास्कसचे कारण

नव्या राणीच्या शपथेसाठी कैरोहून दमास्कसला माणूस गेला आणि तिथे काम अडले. दमास्कसची शिबंदी कुर्दी सरदारांच्या हाती होती. त्यांची निष्ठा अय्यूबी घराण्याशी (सलाहुद्दीनच्या, म्हणजे सालिह अय्यूबच्याच घराण्याशी) होती, आणि घराण्याच्या शेवटच्या सुलतानाला इजिप्तच्या तुर्की गुलामांनी मारले होते. त्यांनी शपथ नाकारली आणि हलबचा (अलेप्पोचा) अय्यूबी राजा नासिर यूसुफ याला बोलावले. जुलै १२५० मध्ये त्याने दमास्कस घेतले. करकही दुसऱ्या एका अय्यूबी राजपुत्राने बळकावले.

इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवायची. शजरुद्दुरला न मानणारा हा नासिर यूसुफ सात वर्षांचा असताना, १२३६ मध्ये, हलबच्या गादीवर आला होता. तेव्हापासून १२४२ मध्ये मरेपर्यंत त्याचा कारभार पाहिला तो त्याच्या आजीने, दैफा खातूनने. ती सलाहुद्दीनची पुतणी आणि सूनही. वजीर आणि सरदारांचे मंडळ सल्ला देई, पण कागद तिच्या मंजुरीनेच सुटे. हलबमधला फिरदौस मदरसा तिनेच बांधला. तिच्या हुकमतीला कुणी धर्माच्या नावाने हरकत घेतल्याचे दिसत नाही. फरक एवढाच की खुतब्यात आणि नाण्यावर नाव नातवाचे होते, आणि ती जन्माने अय्यूबी होती.

मराठी वाचकाला याच्या जवळचे उदाहरण अहमदनगरचे आहे. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये शाहजादा मुरादच्या वेढ्यात किल्ला लढवला, वऱ्हाड देऊन तह केला, पण गादीवर बसवले ते लहानग्या बहादूर निजामशहाला. तिला विरोध करणारे दरबारी कमी नव्हते, मात्र त्यांची भांडणे कोणता मुलगा गादीवर आणायचा आणि पेशवाई कुणाकडे जायची याची होती. दैफा आणि चांदबिबी यांनी सत्ता वापरली, नाव दुसऱ्याचे ठेवले. शजरुद्दुरकडे ज्याच्या नावाने कारभार चालवावा असे मूल नव्हते. असते तर ती बहुधा गादीवर बसलीच नसती.

खलिफाचा टोमणा

बगदादहून आलेल्या पत्राची गोष्ट सर्वांत जास्त सांगितली जाते: 'तुमच्याकडे पुरुष उरले नसतील तर कळवा, आम्ही एक पाठवून देतो.' या वाक्याचे नेमके शब्द आणि वेळ यांवर अभ्यासकांत वाद आहे. त्यामागचा आधार मात्र जुना होता. इराणच्या बादशहाची मुलगी गादीवर बसल्याचे कळल्यावर पैगंबरांनी 'ज्यांनी आपला कारभार बाईवर सोपवला ते लोक तरणार नाहीत' असे म्हटल्याची हदीस बुखारीच्या संग्रहात आहे, आणि राज्यशास्त्रावर लिहिणारे फकीह (धर्मशास्त्री) तिचा दाखला देत.

पण हीच हदीस असताना येमेनमध्ये राणी अर्वा ११३८ पर्यंत राज्य करून गेली होती, तिच्या नावाने खुतबाही वाचला जाई. तिच्या पाठीशी कैरोचा फातिमी खलिफा होता. दिल्लीत रझिया १२३६ ते १२४० गादीवर होती, नाणीही तिच्या नावाची निघाली. तिला बाप इल्तुतमिशने स्वतः वारस ठरवले होते. हदीस सगळीकडे तीच होती. ती हत्यार म्हणून कधी उपसायची, हे मात्र त्या त्या ठिकाणच्या भांडणावर ठरे. शजरुद्दुरला खलिफाची सनद हवी होती आणि ती मिळाली नाही. सनद नाही म्हणजे दमास्कसचा विरोध बंड ठरत नाही, रास्त दावा ठरतो. कैरोच्या सरदारांना पत्रातल्या टोमण्यापेक्षा हे जास्त झोंबले असणार.

जुलैच्या अखेरीस त्यांनी तोड काढली. शजरुद्दुरने ऐबकशी लग्न केले आणि गादी त्याला दिली. बखरकार तिच्या राज्याचे दिवस ऐंशी मोजतात.

ऐबकने काय सिद्ध केले

अडचण केवळ 'बाई' हीच असती तर ऐबक आल्यावर ती संपायला हवी होती. तो पुरुष होता, मुसलमान होता, सेनापतीही होता. पूर्वी तो सुलतानाचे अन्न चाखून पाहणारा चाश्नीगीर. मधल्या दर्जाचा सरदार, हवे तेव्हा दूर करता येईल म्हणूनच निवडलेला. दमास्कसने त्यालाही मानले नाही. पाचच दिवसांत बहरी सरदारांनी अय्यूबी घराण्यातला एक लहान मुलगा, अश्रफ मूसा, शोधून आणला आणि त्याला सहसुलतान केले. खुतब्यात आणि नाण्यांवर दोघांची नावे आली. म्हणजे शजरुद्दुरच्या बिरुदांत मेलेला खलील जे काम करत होता, तेच ऐबकसाठी जिवंत मूसाने केले. तेही पुरेना, तेव्हा ऐबकने इजिप्त खलिफाचे आणि आपण केवळ नायब, असे जाहीर केले.

प्रश्न सुटला तो रणात. फेब्रुवारी १२५१ मध्ये नासिर यूसुफ इजिप्तवर चालून आला आणि हरला. १२५३ मध्ये खलिफाच्या मध्यस्थीने तह झाला, सीमा साधारण जॉर्डन नदीवर ठरली. लढाई जिंकायला ऐबकला जी फौज मिळाली ती शजरुद्दुरलाही उपलब्ध होती. तिला वेळ मिळाला नाही, आणि फौजेपुढे घोड्यावर बसून जायची मुभा मिळाली नाही. बाईपणाची खरी किंमत तिने मोजली ती इथे. राज्याची सही ती पडद्याआडून करू शकत होती, पण गुलाम सैनिकांचे राज्य शेवटी रणांगणावर रोज नव्याने कमवावे लागे.

१२५७

१२५४ मध्ये ऐबकने अक्तायला कैरोच्या किल्ल्यात ठार करवले. सातशेच्या आसपास बहरी घोडेस्वार, त्यांत पुढे सुलतान झालेला बैबर्सही, सीरियाकडे पळाले. शजरुद्दुरचा पाया त्यांच्याबरोबरच गेला. नंतर ऐबकने मोसुलच्या राजाच्या मुलीला मागणी घातली, तेव्हा आपले दिवस भरले हे तिने ओळखले. १० एप्रिल १२५७ ला हमामात तिच्या सेवकांनी ऐबकला मारले.

आता तिने १२४९ चाच डाव पुन्हा मांडला: सुलतान रात्री अचानक वारले, असे सांगितले. पण या वेळी तिघांची कुलुपे नव्हती. आजारपणाचे निमित्त नव्हते, कारण ऐबक त्याच दिवशी धडधाकट घरी आला होता. सेनापती तिचा नव्हता. महालाच्या दारावर ऐबकचे स्वतःचे मम्लूक होते, आणि त्यांच्यात ऐबकचा नायब कुतुझ याच्यासारखा माणूस होता. गादी देऊ करून तिने बड्या सरदारांकडे निरोप धाडले. कुणीही ती घेण्याचे धाडस केले नाही. सेवकांना मारहाण झाली आणि त्यांनी कबुली दिली. जुन्या सालिही सरदारांनी तिला मध्ये पडून वाचवले, किल्ल्याच्या बुरुजात कैदेत ठेवले. पण काही दिवसांतच ऐबकच्या पहिल्या बायकोच्या दासींनी तिला लाकडी खडावांनी मारून टाकले आणि प्रेत तटाबाहेर फेकले. ऐबकचा पंधरा वर्षांचा मुलगा अली सुलतान झाला, आणि त्याच्या नावाने कारभार कुतुझने हाती घेतला.